नोडवर थेट एचटीटीपीएस सर्व्हर: आठ महिन्यांचा अनुभव

सोसायटीत टँकर किती आले, सही कुणी केली याची नोंद ठेवायला छोटं अ‍ॅप केलंय, ते मार्चपासून नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) एचटीटीपीएस मॉड्यूलवर, म्हणजे ब्राउझरशी एन्क्रिप्टेड कनेक्शन करणाऱ्या भागावर, चालू आहे, पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी स्वतः घेऊन अ‍ॅपकडे देणारा वेब सर्व्हर) वगैरे काही नाही.

सेटअपला एक संध्याकाळ लागली. सर्टबॉट या टूलने लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारी फाइल) काढलं, सर्व्हरला त्याची गुप्त की आणि सर्ट दिलं, साध्या एचटीटीपीच्या 80 पोर्टवर नुसता एचटीटीपीएसकडे रिडायरेक्ट. सर्ट म्हणून फुलचेनवाली फाइलच द्या, मी नुसती सर्टवाली दिली होती तर लॅपटॉपवर सगळं नीट आणि वॉचमनकाकांच्या फोनवर वॉर्निंग, कारण मधलं सर्टिफिकेट (आपलं सर्ट ब्राउझरच्या ओळखीच्या सर्टशी जोडणारं) सर्व्हर पाठवतच नव्हता.

आणि प्लीज, एचटीटीपीएसचा 443 पोर्ट साध्या युजरला मिळत नाही म्हणून नोड रूटने (मशीनवर सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवू नका. अ‍ॅपमध्ये एक भोक सापडलं की अख्खं मशीन गेलं. सेटकॅप या लिनक्स कमांडने नोडला तेवढीच परवानगी देता येते, फक्त नोड अपडेट केलं की फाइल बदलते आणि ती परवानगी जाते, मग परत द्यायची.

आता मुख्य गोष्ट. हे सर्टिफिकेट 90 दिवसांचं, सर्टबॉट साधारण महिनाभर आधीच नवीन काढतो, तसं त्याने मेमध्ये काढलंही होतं, डिस्कवर नवी फाइल होती. पण नोड फाइल वाचतो सुरू होताना एकदाच, मी अ‍ॅप मार्चनंतर रिस्टार्टच केलं नव्हतं, त्यामुळे जूनमध्ये जुनं सर्ट संपलं, एका सकाळी टँकर गेटवर उभा आणि काकांना पेज उघडेना. वर मी एचएसटीएस हेडर (या साइटवर एचटीटीपीएसनेच जा असं ब्राउझरला सांगणारा) वर्षभराचा लावलेला, त्यामुळे वॉर्निंग ओलांडून पुढे जायचं बटणच ब्राउझर देत नाही. त्या दिवशी नोंद वहीत झाली.

आता सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्ट निघालं की आपोआप चालतं ते) स्क्रिप्ट आहे, ती नवी की आणि सर्ट अ‍ॅपच्या फोल्डरात कॉपी करते, मालकी अ‍ॅपच्या युजरला देते, परमिशन 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि अ‍ॅपला सिग्नल पाठवते. अ‍ॅप सिग्नल आला की नोडचं सेटसिक्युअरकॉन्टेक्स्ट हे फंक्शन बोलावतं, रिस्टार्ट न करता सर्ट बदलतं. जुलैमध्ये सर्ट बदललं तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही, खरंच बरं वाटलं. एचएसटीएस मात्र तुम्ही सुरुवातीला पाच मिनिटांचाच ठेवा, एक रिन्यूअल डोळ्यांनी बघा, मग वाढवा.

लॉगमध्ये पहिल्याच दिवसापासून डॉट ईएनव्ही (पासवर्ड वगैरे ठेवायची फाइल) आणि वर्डप्रेसच्या लॉगिनसाठी बॉट्स येतायत. सर्टिफिकेट निघालं की डोमेनचं नाव सार्वजनिक लॉगमध्ये जातं, त्यामुळे पत्ता कुणाला दिला नाही म्हणून कुणी येणार नाही असं समजू नका. स्टॅटिक फाइल्स वेगळ्या फोल्डरातूनच द्या, प्रोजेक्टचं मूळ फोल्डर कधीच उघडं ठेवू नका. एक्सप्रेस (नोडवरचं वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर हेल्मेट (सुरक्षेचे हेडर लावणारं पॅकेज) लावा, दोन ओळींचं काम आहे.

एकाच मशीनवर तीन-चार अ‍ॅप चालवायचे असतील तर पुढे एनजिनएक्स घ्या, एकासाठी नोड पुरतो, मी तरी बदलणार नाहीये. हुकची स्क्रिप्ट हवी असेल तर सांगा, टाकतो.