पन्नाशीनंतर नोकरी सुटली. आता आरोग्य विमा कोणता?

चौपन्नाव्या वर्षी चाकणच्या कारखान्यातून किंवा हिंजवडीच्या ऑफिसातून बाहेर पडणारा माणूस विम्याबद्दल पहिल्यांदा विचारतो ते एकच: प्रीमियम किती? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असताना उद्या ॲडमिट व्हावं लागलं, तर आपल्यासमोरच्या पर्यायांपैकी कुठली पॉलिसी उद्याच पैसे देईल, हा पहिला. पुढची सगळी तुलना मी याच क्रमाने केली आहे.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, म्हणून नोकरीत असताना वेटिंग, म्हणजे एखाद्या आजाराला कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचा काळ, कळतच नाही. ते कव्हर साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. स्वतःची नवी पॉलिसी घेतली, तर अपघात सोडून पहिले 30 दिवस काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबायचं. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं. एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. नोकरी नाही, वय वाढतंय आणि नेमका जुना आजारच कव्हरबाहेर, अशी ही तीन वर्षं काढायची असतात.

ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत

याला मायग्रेशन म्हणतात. एचआर आपणहून क्वचितच सांगतं, पण माझ्या यादीत हा पर्याय सगळ्यांत वर आहे. ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची, तिच्याचकडे वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसी मागायची. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. तीन वर्षं सलग झाली असतील, तर शुगरचं वेटिंग संपल्यातच जमा.

अटी मात्र आहेत. विमा कंपनी वैद्यकीय तपासण्या मागू शकते, जादा प्रीमियम लावू शकते, नाकारूही शकते. वजावट जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते: कंपनीत 3 लाखांचं कव्हर होतं आणि आता 10 लाखांचं घेतलं, तर वरच्या 7 लाखांना वेटिंग नव्याने सुरू. आणि अर्ज ग्रुपमध्ये नाव असतानाच गेलेला बरा. नोटीस पीरियडचा पहिला आठवडा यासाठीच राखून ठेवा. फुल अँड फायनलचे (शेवटच्या हिशेबाचे) पैसे यायला महिना-दोन महिने लागतील, विमा तेवढा थांबत नाही. मागच्या वर्षांची पॉलिसी सर्टिफिकेटं एचआरकडून ईमेलवर मागवून ठेवा. ऑफिसचा ईमेल बंद झाला की ती मिळवणं जिकिरीचं होतं.

किमतीच्या बाबतीत हा पर्याय महागच वाटेल, कारण आजवर प्रीमियमचा मोठा भाग कंपनी भरत होती. एक दिलासा आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. ग्रुप पॉलिसीवरचा तसाच आहे.

नवी पॉलिसी, आणि तिचं स्वस्त रूप

मायग्रेशनची संधी हुकली, तर बाजारातून नवी पॉलिसी. यात स्वस्तात बघायची तर आरोग्य संजीवनी. 2020 पासून विमा कंपन्या ती एकाच साच्यात विकतात, त्यामुळे अटींची तुलना करायची गरजच नाही. प्रीमियम आणि आपल्या गावातली नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेली) हॉस्पिटलं एवढंच बघायचं. प्रत्येक क्लेममध्ये 5 टक्के आपले. खोलीभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला 5,000 च्या वर नाही. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे कमाल 40,000.

यातली खोलीभाड्याची अट सर्वांत जाचक. 5,000 ची मर्यादा असताना 10,000 ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातलाच फरक पडतो असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे सगळे खर्च विमा कंपनी निम्मेच देते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून वाचतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात 5,000 ची खोली मिळणं अवघड. सातारा, सांगली, अकोल्यात राहणाऱ्यासाठी हीच पॉलिसी पुरेशी ठरू शकते. शहरात राहणाऱ्याने भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी लहान रकमेची घ्यावी आणि वर सुपर टॉप-अप (ठरलेल्या मर्यादेच्या वरचं बिल देणारी जोडपॉलिसी) जोडावा, हे मला जास्त पटतं. फक्त साधा टॉप-अप नको. त्यात प्रत्येक वेळच्या बिलाने मर्यादा वेगळी ओलांडावी लागते, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र मोजतात.

बायकोच्या किंवा लेकीच्या नोकरीचा आधार

त्यांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आपलं नाव घालायचं. प्रीमियम कमी आणि जुने आजार बहुधा लगेच कव्हर: कागदावर याच्याइतकं चांगलं काही नाही. अडचण दोन ठिकाणी येते. आई-वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेक कंपन्यांत नोकरीला लागताना किंवा वार्षिक नूतनीकरणालाच घालता येतं, मध्येच नाही. आणि लेकीने नोकरी बदलली की आपलं कव्हरही बदललं, कधी गेलंही. आयटीत हे वरचेवर होतं.

म्हणून हा पर्याय एकट्याने घेऊ नये, जोडीला स्वतःची लहान पॉलिसी आजच सुरू करावी. तिचं वेटिंग सरत असताना मधली दोन-तीन वर्षं लेकीचं कव्हर सांभाळेल. दोन प्रीमियम भरणं जड वाटलं तरी साठीच्या आत स्वतःच्या नावावर जुनी झालेली पॉलिसी असणं फार मोलाचं आहे. साठीनंतर तर विमा कंपनीला नियामकाला (आयआरडीएआयला) विचारल्याशिवाय प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. जानेवारी 2025 पासूनचा नियम आहे.

बँकेच्या खातेदारांसाठीची ग्रुप पॉलिसी स्वस्त पडते, पण बँकेने विमा कंपनी बदलली किंवा योजना बंद केली तर आपल्या हातात काही नसतं. दुय्यम म्हणून ठीक.

सरकारी योजना

पगार 21,000 पर्यंत होता आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता, तर कव्हर लगेच संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडते. पाच वर्षं वर्गणी भरून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघ्या 120 रुपयांत स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी सोय आहे. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेणाऱ्यालाही ती लागू होते, हे अनेकांच्या गावी नसतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल मध्यमवर्गात अजून गैरसमज आहे, की ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरतीच. तसं राहिलेलं नाही. पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही ती खुली आहे, मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख, प्रीमियम शून्य. जुन्या आजारांना वेटिंग नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा मोठ्या खर्चाला तिची साथ मोठी. पण उपचार यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेतलं हवं. डेंग्यूसाठी आवडत्या हॉस्पिटलात दाखल होऊन कॅशलेस (खिशातून न भरता उपचार) मागितलं, तर चालेलच असं नाही. तरीही नोकरी सुटलेल्या कुटुंबाने रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, हे पहिल्याच आठवड्यात बघावं. गोव्यात राहणाऱ्यांनी तिथल्या सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, ते तपासावं. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड (मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) मिळतं; त्यांच्या प्रीमियमचे पैसे तुमच्या पॉलिसीकडे वळवता येतील.

माझा क्रम असा: नोटीस चालू असेल तर मायग्रेशन, बाकी सगळं नंतर. नोकरी सुटून गेली असेल तर फुले योजनेची कागदपत्रं आजच, नवी पॉलिसी या महिन्यात, आणि लेकीच्या कंपनीचं नूतनीकरण कधी आहे ते तिला विचारून ठेवणं. हातात पैसे अगदीच कमी असतील तर विमा रक्कम कमी करा, पॉलिसी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

नवी पॉलिसी घरी आली की तिच्यासोबतची प्रपोजल फॉर्मची (विम्याच्या अर्जाची) प्रत काढून वाचा. एजंटने शुगरसमोर ‘नाही’ लिहिलं असेल, तर लेखी दुरुस्ती मागा. कंपनी प्रीमियम वाढवेल, पण आजार लपवल्याच्या कारणावरून क्लेम फेटाळायला तिला जागा उरणार नाही. दुरुस्तीनंतरच्या अटी पटल्या नाहीत, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.