फामाचा कार्ड : २३ शेळ्या आणि एक पावसाळा

हिंगण्याच्या पुढे आमच्या २३ शेळ्या आहेत, बहुतेक बेरारी. मागच्या वर्षापर्यंत पावसाआधी एकदा आणि पोळ्याच्या आसपास एकदा सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजायचो. तरी भादव्यात दोन शेळ्या जबड्याखाली सूज येऊन गेल्या. त्यातली एक तर आठच दिवसांपूर्वी औषध प्यायलेली. म्हणून या जूनमध्ये हे फामाचा कार्ड घेतलं. शेळीच्या खालच्या पापणीच्या आतला रंग कार्डावरच्या पाच पट्ट्यांशी जुळवायचा, म्हणजे जंतांनी रक्त किती कमी केलंय ते कळतं.

मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, मेंढ्यांसाठी काढलेलं. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे पांढराफटक. हिमॉन्कस जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो, त्यामुळे खालच्या पापणीच्या आतला रंग उतरत जातो. १-२ ला सोडायचं, ४-५ ला पाजायचंच. ३ वर आमच्या घरी रोज भांडण. शेळीला ३ आला तरी पाजा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मिटलं.

पहिला महिना वायाच गेला. टिनाच्या गोठ्यात सगळ्याच शेळ्या ३ दिसायच्या. आता सकाळी अंगणात आणतो. वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळा हलकेच दाबायचा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची, की आतली गुलाबी कड वर येते. तेवढ्यात बघून घ्यायचं. धरून ठेवलं की रंग चढतो आणि ४ ची शेळी ३ वाटते.

दर पंधरा दिवसांनी तपासून पाच महिन्यांत ९ शेळ्यांना औषध लागलं, १४ ला एकदाही नाही. पैसे वाचले ते वाचलेच. पण सगळ्यांना सारखं पाजलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. एक काळी शेळी तीनदा ४ वर गेली. तिची पाठ (मादी करडू) ठेवली नाही, तिलाही विकली.

औषध का लागू पडत नव्हतं, तेही कळलं. जिला मी २२ किलोची समजून पाजत होतो, ती काट्यावर ३१ भरली! शिवाय शेळी औषध मेंढीपेक्षा लवकर पचवते, मेंढीचं माप तिला पुरत नाही. मात्रा डॉक्टरांनाच विचारा. गाभण शेळीचं तर नक्कीच.

करडांच्या बाबतीत मात्र मी कार्डावर विसंबून फसलो. ऑगस्टमध्ये दोघांना ढाळ लागली, डोळे छान गुलाबी, म्हणून चार दिवस थांबलो. लेंडी तपासली तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी. तो जंतच नव्हे, जंताच्या औषधाने जात नाही, आणि डोळ्यात दिसेलच असं नाही. एक करडू गेलं. उलट यकृतातल्या चपट्या जंतानेही डोळा पांढरा पडतो, तेव्हा लेंडीची तपासणी काही सुटत नाही.

कार्ड उन्हात ठेवू नका. माझं दोन महिने गाडीच्या काचेजवळ पडून होतं, आता ३ आणि ४ ची पट्टी जवळजवळ सारखीच दिसते. मृगाआधी नवीन घेतो आहे.