एफडीवरचं पहिलं क्रेडिट कार्ड: वर्षभरानंतर, आणि ते ५१ रुपये ४८ पैसे

काल बँकेचा मेल आला, 'आपली तक्रार निकाली काढली आहे'. कसली निकाली, माझे ५१ रुपये ४८ पैसे अजून आलेले नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू.

पगाराची स्लिप नाही, आयटीआर नाही, सिबिल रिपोर्टवर (कर्ज-कार्ड वेळेवर फेडण्याचा रेकॉर्ड) स्कोअरच्या जागी एनएच म्हणजे हिस्टरीच नाही, त्यामुळे नेहमीचं कार्ड मिळणार नव्हतंच. मग गंगापूर रोडच्या ब्रांचला ट्युशनच्या पैशातून २० हजारांची एफडी केली, त्यावर लिएन लागला (म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही) आणि १८ हजारांचं लिमिट मिळालं. इथपर्यंत काही त्रास नाही.

त्रास ऑटो-डेबिटचा. फॉर्मवर मी टोटल ड्यूवर, म्हणजे पूर्ण बिल कापा यावर टिक केली, काउंटरवरच्या मॅडमनी सिस्टिमला मिनिमम, म्हणजे बिलाचा कमीत कमी भरायचा हिस्सा टाकलं. ६,४०० च्या बिलातले ३२० कापले आणि पुढच्या स्टेटमेंटला २८६ रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तेच ५१ रुपये ४८ पैसे! पूर्ण बिल गेलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. माझ्या एफडीवर बँक मला देते सातच्या आत अन् तीच एफडी दाबून ठेवून माझ्याकडून घेते ४२, वा रे वा.

कस्टमर केअर म्हणे, 'सर, सिस्टिममध्ये मिनिममच दिसतंय'. दिसणारच ना, तुम्हीच टाकलंय! फॉर्मची झेरॉक्स होती माझ्याकडे, फोटो काढून मेल केला आणि खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जातो, तिथं तक्रारीला पैसे लागत नाहीत. व्याज परत आलं. जीएसटी नाही, 'टॅक्स भरला गेलाय' म्हणे. अहो, व्याजच चुकीचं तर टॅक्स कसला?

हे लिहिताना रिपोर्ट परत काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो) आणि राग जरा उतरला. एनएच जाऊन ७४० च्या वर आकडा! बहुतेक महिने वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत होता, बाकी काही वेगळं केलं नाही. म्हणजे कार्डाने काम केलंय, मान्य.

रुपे असल्यामुळे यूपीआयला जोडलंय, दुकानाच्या क्यूआरवर चालतं, पण दुकानदाराचा स्वतःचा पर्सनल क्यूआर असला की चालत नाही, त्यामुळे सीबीएस बस स्टँडजवळच्या टपरीवर अजून सुट्टेच काढतो.

धाकट्याला १८ पूर्ण झाली की त्यालाही एफडीवरच काढून देणार आहे. बँक मात्र दुसरी.