सीएनसीच्या अक्षासाठी सर्वो मोटर: लो इनर्शिया की मीडियम, एन्कोडर कोणता, आणि नंतर देखभाल कशी

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या कंट्रोलवर चालणाऱ्या, मिलिंग मशीनची अक्षाची सर्वो मोटर (स्वतःची जागा मोजत फिरणारी मोटर) बदलायची ठरली, किंवा जुन्या मशीनवर नवा कंट्रोल बसवायचा ठरला, की पहिला प्रश्न येतो तो ‘किती किलोवॅटची घेऊ?’ खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी रोटरचा, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचा, इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) बघायचा, मग सतत देता येणारा टॉर्क, मग वेग. वॉट म्हणजे टॉर्क आणि वेगाचा गुणाकार. त्यामुळे वॉटचा आकडा तोच असला, तरी दोन मोटरी एकाच टेबलावर अगदी वेगळ्या वागू शकतात.

एक उदाहरण घेऊ. टेबल आणि जॉब मिळून ५०० किलो. बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा आटेदार दांडा) ३२ मिमी व्यासाचा, एक मीटर लांब, पिच (एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर) १० मिमी, आणि मोटर थेट कपलिंगने जोडलेली. टेबलाचा मोटरच्या शाफ्टवर जाणवणारा इनर्शिया काढायला पिचला ६.२८ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला वजनाने गुणायचं. उत्तर येतं सुमारे १२.७ किग्रॅ-सेमी². स्क्रूचा स्वतःचा इनर्शिया ८.१ च्या आसपास, म्हणजे एकूण २१ धरा. जाड स्क्रूचा आग्रह असेल तर एक लक्षात घ्या: ४० मिमीचा स्क्रू घेतला तर त्याचा एकट्याचाच इनर्शिया १९.७ होतो, अख्ख्या टेबलापेक्षा जास्त. इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

आता या टेबलासमोर दोन मोटरी ठेवू. रोटरचे आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून ते पट्ट्यात दिले आहेत.

| | ७५० वॉट, ८० मिमी फ्लँज, लो इनर्शिया | १ किलोवॅट, १३० मिमी फ्लँज, मीडियम इनर्शिया |
|---|---|---|
| रेटेड वेग | ३००० आरपीएम | २००० आरपीएम |
| रेटेड टॉर्क | २.३९ न्यूटन-मीटर | ४.७७ न्यूटन-मीटर |
| क्षणिक कमाल टॉर्क | साधारण तिप्पट | साधारण तिप्पट |
| रोटरचा इनर्शिया | १ ते १.५ किग्रॅ-सेमी² | ८ ते १४ किग्रॅ-सेमी² |
| लोड आणि रोटरचं गुणोत्तर | १४ ते २१ पट | १.५ ते २.६ पट |
| रेटेड वेगाला रॅपिड (कापत नसतानाची वेगवान चाल) | ३० मीटर/मिनिट | २० मीटर/मिनिट |

वेगाच्या ओळीत ७५० वॉटवाली पुढे दिसते आणि बरेच जण तिथेच भुलतात. लोडचा इनर्शिया रोटरच्या पंधरा-वीस पट असला तरी मोटर फिरते, कॅटलॉगही तेवढी परवानगी देतात. अडचण कटिंगला येते. कपलिंग आणि स्क्रू हे थोडे पीळ खाणारे भाग आहेत. हलक्या रोटरला जड टेबल त्या पिळातून हिसके देतं, ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन चालवणारा नियंत्रक) ते सावरायला जातो आणि अक्ष गुणगुणू लागतो. मग ट्यूनिंग करणारा गेन (चूक किती जोराने सुधारायची ते सेटिंग) खाली आणतो. आवाज थांबतो, पण अक्ष मवाळ होतो. गोल खिसा कापला की ज्या चार ठिकाणी अक्ष दिशा बदलतो तिथे बोटाला लागेल अशी खूण उमटते. नॉच फिल्टरने (ठरावीक कंपन गाळणाऱ्या सेटिंगने) आवाज कमी होतो, पण गमावलेला कडकपणा त्याने परत येत नाही. साच्याचं किंवा गोलाईचं काम असेल तर गुणोत्तर ३ च्या आत ठेवा, साध्या ड्रिलिंग-टॅपिंगला ५ पर्यंत चालून जातं.

टॉर्कचा हिशोबही मीडियम इनर्शियाच्याच बाजूने जातो. २००० न्यूटनचा कटिंग फोर्स, १० मिमी पिच आणि ९० टक्के कार्यक्षमता धरली तर ३.५ न्यूटन-मीटर लागतात. गोळ्यांवर सरकणाऱ्या लिनिअर गाइड असतील तर घर्षणाची भर नगण्य, पण घासून चालणाऱ्या बॉक्स वे असतील तर आणखी ०.९ च्या आसपास. ७५० वॉटची मोटर हे थोडा वेळ उचलेल आणि मग ओव्हरलोडवर थांबेल. १ किलोवॅटची लिनिअर गाइडवर आरामात चालेल. बॉक्स वेवर मात्र ती काठावर आहे, तिथे १.५ किलोवॅट, म्हणजे ७.१६ न्यूटन-मीटर, घेतलेली बरी. संपूर्ण सायकलचा आरएमएस टॉर्क (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) रेटेडच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

लो इनर्शिया वाईट आहे असं नाही. हलकं गॅन्ट्री, खोदकामाचं मशीन, टूल चेंजर, किंवा २:१ बेल्ट रिडक्शन देता येईल अशी जागा या तिच्या जागा आहेत. २:१ ने टॉर्क दुप्पट होतो आणि लोडचा जाणवणारा इनर्शिया चौथाईवर येतो. मात्र बेल्ट गरजेपेक्षा ताणला तर त्याचा सगळा ओढा मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर बसतो.

क्लोज्ड-लूप स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी, जागा तपासत चालणारी मोटर) स्वस्त पडतो, पण वेग वाढला की त्याचा टॉर्क झपाट्याने गळतो. लेबलवरचा होल्डिंग टॉर्क उभ्या मोटरचा असतो, तो १००० आरपीएमला मिळत नाही. हलक्या राउटरला ठीक, लोखंड कापणाऱ्या मशीनला नको. जुन्या मशीनवरच्या ब्रशच्या डीसी सर्वोचा टॉर्क आजही चांगला असतो. पण ब्रश झिजतात, कार्बनची भुकटी आत साचून इन्सुलेशन खाली आणते आणि ड्राइव्हचे सुटे भाग मिळेनासे होतात. असा ड्राइव्ह गेला की फक्त ड्राइव्ह शोधत बसू नका, जोडीच बदला.

एन्कोडर म्हणजे शाफ्टची जागा मोजणारा भाग. त्यात बिटच्या मागे धावण्यात अर्थ नाही. १७ बिट म्हणजे एका फेरीत १,३१,०७२ भाग. १० मिमी पिचला एक भाग ०.०००१ मिमीपेक्षाही लहान पडतो. सी-५ दर्जाच्या स्क्रूची पिचमधली चूक मात्र ३०० मिमीत १८ मायक्रॉनपर्यंत मान्य असते, आणि एक मीटर पोलादी स्क्रू एक अंश तापला की ११-१२ मायक्रॉन वाढतो. २३ बिटमुळे अक्ष मंद गतीत गुळगुळीत चालतो हे खरं, पण जॉबचं माप त्याने सुधारत नाही. त्यासाठी लिनिअर स्केल (टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी) लागते.

इन्क्रिमेंटल की ॲब्सोल्यूट, हा फरक मात्र रोजचा आहे. इन्क्रिमेंटलला मशीन चालू केल्यावर प्रत्येक वेळी होमिंग (अक्ष ठरलेल्या जागी नेऊन शून्य शोधणं) करावं लागतं. ॲब्सोल्यूट बॅटरीवर शून्य धरून ठेवतो, आणि ही बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली की शून्य गेलं. फानूक कंपनीच्या कंट्रोलमध्ये सहसा चार मोठ्या अल्कलाइन सेलचा ६ व्होल्टचा डबा असतो, तो वर्षातून एकदा बदलायचा. बऱ्याच इतर ड्राइव्हना ३.६ व्होल्टची लिथियम लागते. बॅटरी ड्राइव्हच्या बाजूला असेल तर एन्कोडरची केबल उपसल्यानेही शून्य जाऊ शकतं, म्हणून केबल काढण्याआधी अक्षाच्या जागेची खूण करून ठेवा. नवीन घेत असाल आणि बजेट असेल तर बिनबॅटरीचा ॲब्सोल्यूट घ्या. देखभालीतलं एक काम कायमचं कमी होतं.

उभ्या झेड अक्षाला ब्रेक हवाच. हा ब्रेक २४ व्होल्ट मिळाल्यावर सुटतो आणि वीज गेली की धरतो. त्याचं काम थांबलेला अक्ष धरून ठेवणं, चालता अक्ष थांबवणं नव्हे. दर वेळी त्यानेच अक्ष थांबवला तर अस्तर झिजतं. दुसरा दोष लांब बारीक केबलचा. पॅनेलमध्ये २४ व्होल्ट असतात, मोटरपाशी २१ उरतात, ब्रेक अर्धवट सुटतो आणि मोटर तापते. म्हणून व्होल्टेज मोटरच्या कनेक्टरवर मोजायचं. झेडची मोटर उतरवण्याआधी स्पिंडल हेडखाली भक्कम लाकडी ठोकळा लावा. ब्रेक मोटरच्या आत आहे, मोटर सुटली की हेड खाली येतं.

मोटरी सर्वात जास्त मरतात त्या कुलंटने (कापताना सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाने). आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी त्यात शाफ्टची जागा बहुधा धरलेली नसते. ऑइल सील असलेलीच मोटर मागवा, कनेक्टरचं तोंड खाली ठेवा आणि केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथूनच टपकतो. दर सहा महिन्यांनी मेगर करा, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजा. पॉवर केबल ड्राइव्हपासून सोडवायची आणि ५०० व्होल्टवर वाइंडिंग ते बॉडी मोजायचं. १०० मेगओहमच्या वर असेल तर उत्तम. १० ते १०० मध्ये बिघाडाची सुरुवात आहे, लक्ष ठेवा. १ ते १० मध्ये दुसरी मोटर तयार ठेवा. १ च्या खाली गेली तर चालवू नका. एन्कोडरच्या पिनांना मेगर चुकूनही लावायचा नाही, एका झटक्यात तो जातो.

कपलिंग बसवताना शाफ्टवर हातोडी मारणं हा सर्वात महागडा शॉर्टकट. धक्का थेट बेअरिंगला आणि मागच्या एन्कोडरच्या चकतीला बसतो. क्लॅम्प कपलिंग बसवण्याआधी शाफ्टवरचं तेल पुसा. तेलकट शाफ्टवर ते कणाकणाने सरकतं. एन्कोडर बरोबर दाखवतो, अलार्म येत नाही आणि जॉबचं माप मात्र दिवसभरात सरकत जातं. शाफ्टवर आणि हबवर मार्करने एक सलग रेघ ओढून ठेवा, रेघ तुटली की दोष सापडला.

ओव्हरलोडचा अलार्म आला की मोटर बदलण्याआधी लोड मीटर बघा. निरोगी अवस्थेत हळू जॉगला (बटण दाबून अक्ष चालवताना) प्रत्येक अक्ष किती टक्के दाखवतो हे मशीनवर लिहून ठेवलेलं असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. आकडा वाढला असेल तर वंगण पोचतंय का, गिब (गाइडमधली ढिलाई घेणारी पट्टी) जास्त आवळला आहे का, ब्रेक पूर्ण सुटतोय का, हे या क्रमाने तपासा. तरी उलगडा झाला नाही तर कपलिंग सोडवा (झेड असेल तर आधी ठोकळा) आणि मोटर एकटीच फिरवा. एकटी असताना लोड शून्याजवळ आला तर दोष स्क्रूत, त्याच्या बेअरिंगमध्ये किंवा गाइडमध्ये आहे. एकटी असूनही लोड जास्त असेल तर तीन फेजमधला रेझिस्टन्स मिलीओहममीटरने मोजा. तीनही आकडे जवळपास सारखे हवेत. अलार्म ओव्हरलोडचा नसून एन्कोडरचा असेल आणि तो अक्षाच्या ठरावीक जागीच येत असेल, तर केबल चेनमधली तार आत तुटलेली आहे असं समजून आधी ती केबल बदला.