प्रमाणपत्र परीक्षा: पर्याय निवडायला सांगायचं की काम करून दाखवायला?

एखादी प्रशिक्षण संस्था, कंपनी किंवा व्यावसायिकांची संघटना लिनक्स, नेटवर्क किंवा क्लाउडच्या कामासाठी स्वतःचं प्रमाणपत्र सुरू करायला निघाली, की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका काढायची, की उमेदवाराला चालू मशीनसमोर बसवून काम करून घ्यायचं? दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे असतात, म्हणून निर्णय रखडतो. माझं मत आधीच सांगतो. ‘हा माणूस हे काम करू शकतो’ असं प्रमाणपत्रावर छापायचं असेल, तर प्रात्यक्षिक घ्यायलाच हवं. मात्र त्याचा मोठा खर्च तपासणीत आणि देखभालीत असतो. तो झेपणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, पण मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग टाइप करूनच दाखवावा लागतो. आयटीआयच्या फिटरला लेखी पेपरसोबत प्रात्यक्षिकात जॉब करून द्यावा लागतो. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची सीसीआयई ही परीक्षा १९९३ पासून लॅब, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रणेवर काम करून दाखवण्याची चाचणी, घेते. आधी ती दोन दिवस चालायची, २००१ मध्ये ती एका दिवसावर, आठ तासांवर आली. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटची आरएचसीई ही प्रात्यक्षिक परीक्षा १९९९ ची. ओएससीपी या सायबर सुरक्षेच्या परीक्षेत तर २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष यंत्रणा भेदायच्या आणि त्यानंतरच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यायचा. दुसऱ्या बाजूला लिनक्सचं एलपीआयसी-१ आहे: दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं, बहुतेक प्रश्न बहुपर्यायी आणि थोडे रिकाम्या जागा भरण्याचे. तेही जगभर मान्यता असलेलं प्रमाणपत्र आहे.

एकच कौशल्य, दोन प्रश्न

समजा मोजायचं एवढंच आहे: लिनक्स सर्व्हरवर ५०० एमबीचं लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कच्या जागेतून काढलेला भाग) तयार करून ते कायमचं माउंट करणं, म्हणजे वापरासाठी एखाद्या डिरेक्टरीला जोडणं.

बहुपर्यायी रूप असं: ‘बूट होताना फाइल सिस्टीम आपोआप माउंट व्हावी म्हणून नोंद कोणत्या फाइलमध्ये कराल?’ आणि खाली चार नावं. अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं, संगणक क्षणात गुण देतो, वादाला जागा नाही. पण ज्याने एफएसटॅब हे त्या फाइलचं नाव ओळखलं, त्याला त्यातली चुकलेली ओळ दुरुस्त करता येते की नाही, हे आपल्याला कळलेलं नसतं.

प्रात्यक्षिक रूप असं: ‘दिलेल्या व्हॉल्यूम ग्रुपमधून (डिस्कच्या एकत्रित साठ्यातून) ५०० एमबीचं व्हॉल्यूम करा, त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टीम तयार करा आणि ते डेटा डिरेक्टरीवर असं माउंट करा की रीबूटनंतरही टिकेल.’ प्रश्न तीन ओळींत लिहून होतो. खरी कसोटी परीक्षा घेणाऱ्याची आहे, कारण आता गुण देणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायची आहे. कोणी एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा ओळख क्रमांक) देईल, कोणी डिव्हाइसचं नाव देईल, कोणी एफएसटॅबऐवजी सिस्टीमडी या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेचं माउंट युनिट लिहील. तिन्ही बरोबर. स्क्रिप्टने एफएसटॅबमधला मजकूर शोधला, तर तिसऱ्या उमेदवारावर अन्याय झाला. म्हणून मशीन रीबूट करून शेवटची स्थितीच तपासायला हवी.

आकाराचंही तसंच. लॉजिकल व्हॉल्यूम सांभाळणारं एलव्हीएम जागा ठरावीक तुकड्यांत देतं. तुकडा ४ एमबीचा असेल तर बरोबर ५०० मिळतात, पण परीक्षकाने व्हॉल्यूम ग्रुप ८ एमबीच्या तुकड्यांनी बांधला असेल तर व्हॉल्यूम ५०४ एमबीचं होतं. शिवाय एक्सएफएस स्वतःच्या नोंदींसाठी जागा घेतं, त्यामुळे माउंट झाल्यावर दिसणारा आकडा ५०० पेक्षा कमी असतो. नेमकं ५०० शोधणारी स्क्रिप्ट जाणकारालाच नापास करेल. एवढ्या साध्या कामाला सुद्धा किती फरक चालेल ते ठरवून, लिहून, तपासून घ्यावं लागतं.

आणि ती एफएसटॅबमधली ओळ चुकली तर? मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि त्यावरची बाकीची कामं बरोबर असूनही तपासता येत नाहीत. काही जण म्हणतात, नोकरीतही असंच होतं, शून्य द्या. मला हे पटत नाही. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी. दहा कौशल्यं मोजायला बसल्यावर एकाच्या चुकीने बाकीची नऊ न मोजता सोडली, तर ते मोजमाप उरत नाही. बूटशी संबंधित कामांना वेगळं मशीन द्या.

व्याप्ती आणि उत्तीर्णतेची रेषा

इथे बहुपर्यायीचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. दीड तासात ६० प्रश्न म्हणजे अभ्यासक्रमाचा प्रत्येक कोपरा शिवून होतो. कुबरनेटीस या सर्व्हरवरची ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या प्रणालीच्या सीकेए या प्रात्यक्षिक परीक्षेत दोन तासांत साधारण १५ ते २० कामं होतात आणि उत्तीर्ण व्हायला ६६ टक्के लागतात. कामं थोडी असली की एकेकाचं वजन वाढतं आणि नशिबाचा वाटाही वाढतो. म्हणून प्रात्यक्षिकात अंशतः गुण हवेतच: व्हॉल्यूम झालं त्याचे वेगळे, फाइल सिस्टीमचे वेगळे, रीबूटनंतर टिकल्याचे वेगळे.

उत्तीर्णतेची रेषा मनाने ४० किंवा ७० टक्क्यांवर ओढायची पद्धत दोन्हीकडे सोडून द्या. अँगॉफ पद्धत १९७१ पासून ओळखली जाते. जाणकारांचं मंडळ प्रत्येक प्रश्नाबाबत विचार करतं, की जेमतेम पात्र असलेले किती उमेदवार याचं बरोबर उत्तर देतील, आणि त्या अंदाजांवरून रेषा ठरते. प्रात्यक्षिकात हाच विचार प्रत्येक गुणाबाबत करता येतो.

पेपरफुटीचं पाहिलं, तर फुटलेला बहुपर्यायी प्रश्न कामातून गेला. त्याचं उत्तर पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. फुटलेलं काम मात्र निदान हाताने करता यावं लागतं, आणि आकार, नावं, पोर्ट बदलून त्याची नवी आवृत्ती देता येते.

देखभाल: जिथे बेत कोलमडतात

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने सिसऑप्स ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेत २०२१ मध्ये प्रत्यक्ष लॅब आणल्या आणि मार्च २०२३ मध्ये त्या काढून घेतल्या. क्लाउड त्यांचीच, तरीही. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि सीकेएची यंत्रणा त्यामागोमाग बदलत राहते. प्रश्नपेढीतल्या प्रश्नाचे चार शब्द बदलून भागतं. लॅबमध्ये इमेज (मशीनची तयार प्रत), गुणदानाची स्क्रिप्ट आणि नमुना उत्तरं हे सगळं पुन्हा चालवून पाहावं लागतं. त्यासाठी कायमचा माणूस हवा. हौशी स्वयंसेवकांवर हे पहिलं वर्ष चालतं, पुढे नाही.

कॉम्पटिया या संस्थेच्या ए-प्लस या प्रवेश पातळीच्या परीक्षेसारखा मधला मार्गही आहे: बहुपर्यायी प्रश्नांमध्येच थोडे कृतीचे प्रश्न, खोट्या स्क्रीनवर जोडण्या किंवा सेटिंग करायला लावणारे. हे सिम्युलेशन सांभाळायला सोपं, पण बनवणाऱ्याला सुचलेल्या वाटाच तिथे उघड्या असतात. वेगळ्या पण बरोबर वाटेने जाणारा उमेदवार अडतो. प्रवेश पातळीला ते पुरेसं आहे, अनुभवी माणसाला नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी

हा मुद्दा बैठकांत क्वचित निघतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘खालीलपैकी कोणता पर्याय सर्वाधिक योग्य नाही’ अशा इंग्रजी वाक्यात तंत्रज्ञानाआधी भाषेचीच परीक्षा होते. कमांड मात्र सगळ्यांना सारखीच. तीन ओळींचं काम मराठीत लिहून देता येतं आणि तपासणी मशीनच्या स्थितीची होते, वाक्यांची नाही. उलट बाजू अशी, की दूरस्थ लॅबला स्थिर इंटरनेट आणि अखंड वीज लागते. तालुक्याच्या गावी केंद्र असेल तर लॅब केंद्रातल्याच सर्व्हरवर चालवा आणि वीज गेल्यास वेळ थांबवण्याचा नियम आधी छापा.

मग कोणी काय घ्यावं

उमेदवार खूप असतील, विषय पायाभूत असेल आणि प्रमाणपत्र ‘ओळख आहे’ एवढंच सांगणार असेल, तर चांगली बहुपर्यायी परीक्षा घ्या आणि प्रमाणपत्रावरही तेवढंच लिहा. नोकरी देणारे या कागदावर विसंबून सर्व्हर हातात देणार असतील, तर लहान बहुपर्यायी भाग आणि त्यानंतर दोन तासांची लॅब. लहान संस्थेने दहा-बारा कामांवरच सुरुवात करावी, पण प्रत्येक कामाच्या दोन-तीन आवृत्त्या तयार ठेवाव्यात. त्याआधी रोज हेच काम करणाऱ्यांशी बोलून कामांची यादी आणि त्यांचं महत्त्व ठरवा. अभ्यासक्रमाच्या अनुक्रमणिकेवरून प्रश्न काढू नका.

परीक्षा उघडण्याआधी अनुभवी प्रशासकांना आणि नवशिक्यांना एकाच लॅबमध्ये बसवा. अनुभवी माणसाचे गुण जिथे कापले गेले, तिथे त्याने टाइप केलेल्या कमांड वाचा. बहुतेक ठिकाणी दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करावी लागते. नवशिके आणि जाणकार ज्या कामात सारखेच गुण मिळवतात, ते काम यादीतून काढा.