जिन्याचा कठडा खांबाला कसा जोडावा? वेल्डिंग, फिरता सांधा की खाचेची पट्टी

स्टीलचा कठडा करायला देताना चर्चा होते ती पाइपाच्या जाडीची आणि पॉलिशची. हातकठडा खांबाच्या डोक्यावर कशाने धरून ठेवायचा, हे मात्र फॅब्रिकेटर जागेवर आल्यावर ठरवतो, आणि दोन-तीन वर्षांनी कठडा डुलायला लागतो तो बरोबर तिथेच. तुम्ही घर बांधत असाल, किंवा आपल्या वर्कशॉपसाठी एक ठरावीक ब्रॅकेट बनवून घ्यायच्या विचारात असाल, तर हा निर्णय आधी घ्या. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: सांधा किती फिरतो याला फार महत्त्व देऊ नका, बसवल्यानंतर तो कशाने अडतो ते बघा.

कोन जुळवता येणारं ब्रॅकेट लागतंच कशाला? कारण प्रत्येक जिन्याचा चढ वेगळा. पायरी १५० मिमी उंच आणि ३०० मिमी रुंद असेल तर चढ साधारण साडेसव्वीस अंशांचा होतो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० आणि रुंदी कमीत कमी २५० मिमी सांगितली आहे; त्या मापाने चढ ३७ अंशांवर जातो. म्हणजे नियमात बसणाऱ्या बहुतेक घरगुती जिन्यांचा सगळा खेळ जेमतेम ११ अंशांत आहे. शिवाय गवंड्याने फरशी बसवताना एखादी पायरी वरखाली होते, म्हणून मोजमाप नकाशावरून घेऊ नका. सरळ पट्टी पायऱ्यांच्या नाकांवर टेकवून कोन घ्या, तोही प्रत्येक टप्प्याचा वेगळा.

आता वेल्डिंग. आर्गन वेल्डिंगने जोडलेल्या सांध्याला ढिलेपणा माहीत नसतो, कोन हवा तो मिळतो आणि बोल्ट कुठे दिसत नाही. ताकदीच्या बाबतीत नीट केलेल्या वेल्डला तोड नाही. अडचण असते ती कामाच्या पद्धतीत. वेल्डच्या कडेला जो निळसर-तपकिरी पट्टा उमटतो, तिथे स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा क्रोमियमचा पातळ थर बिघडलेला असतो. तो पट्टा पिकलिंग पेस्टने (डाग काढणाऱ्या आम्लाच्या लेपाने) किंवा व्यवस्थित बफिंग करून पूर्ण काढला नाही, तर गंजाचे डाग पहिल्यांदा तिथेच पडतात. ज्या चकतीने साधं लोखंड घासलं तीच स्टेनलेसवर चालवली, तरी लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पावसाळ्यात तांबडे ठिपके येतात. स्टेनलेसची चकती वेगळी ठेवायला सांगा, त्यात संकोच करू नका. आणखी एक गोष्ट घरात राहायला आल्यावर कळते: अरुंद जिन्यातून कपाट किंवा सोफा वर चढवायचा असेल, तर वेल्ड केलेला कठडा काढता येत नाही.

बाजारात तयार मिळणारा फिरता सांधा याच्या बरोबर उलट आहे. खांबाच्या टोकावर खिळी, खिळीवर फिरणारं, पाइप धरणारं खोगीर, आणि ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा बोल्ट) आवळला की काम संपलं. बसवणं झटपट होतं, ठिणग्या उडून नवी फरशी खराब होत नाही, कोनही कुठलाही चालतो. पण तो कोन टिकतो फक्त एका बोल्टच्या घर्षणावर. खिळी आणि भोक यांच्यात थोडी जरी फट असली तरी रोजच्या हिसक्यांनी ती वाढते आणि कठडा खडखडायला लागतो. त्याहून कच्ची जागा म्हणजे खोगीर आणि पाइप यांची जोड. स्वस्तातल्या कामात पाइपाची भिंत १.२ मिमीची असते. ५ मिमीच्या स्क्रूचे आटे ०.८ मिमी अंतरावर असतात, म्हणजे त्या भिंतीत कसाबसा दीड आटा धरतो. दोनदा उघडून आवळला की आटे गेलेच. फिरता सांधा घेणारच असाल तर पाइप निदान २ मिमीचा घ्या, किंवा रिव्हेट नट (पातळ भिंतीत घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवून घ्या.

काही जण एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चकत्यांचा सांधा सुचवतात. घसरण्याचा प्रश्न त्याने सुटतो, पण २४ दात्यांच्या चकतीत कोन १५ अंशांच्या टप्प्यांनीच बदलतो. आपला सगळा पल्ला ११ अंशांचा. अगदी ७२ दाते केले तरी चूक अडीच अंशांपर्यंत राहू शकते आणि ५० मिमीच्या खोगिराच्या एका टोकाला दोन मिमीची फट दिसते. यावर एक सुंदर तोड आहे: मधल्या चकतीला एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २५ दाते. दोन्ही बाजू उलटसुलट सरकवल्या की ०.६ अंशाचा टप्पा मिळतो. मात्र असे दाते स्वच्छ यायला चांगलं इन्व्हेस्टमेंट कास्टिंग (मेणाच्या साच्यावरून केलेलं ओतकाम) लागतं. मोठ्या संख्येने माल काढणाऱ्यालाच ते परवडेल. एका घरासाठी याच्या मागे लागू नका.

माझी पसंती खाचेच्या पट्टीला आहे. ५ किंवा ६ मिमी जाड पट्टी, एका बोल्टसाठी गोल भोक आणि दुसऱ्यासाठी कमानीसारखी खाच. दोन बोल्टमध्ये ३० मिमी अंतर धरलं, तर बारा अंशांच्या पल्ल्याला बोल्ट सव्वासहा मिमी सरकावा लागतो. ८ मिमीच्या बोल्टला ९ मिमीचं भोक धरून खाच एकूण सव्वापंधरा मिमी लांब झाली की पुरे. इतकी छोटी खाच जाड आणि रुंद वॉशरखाली पूर्ण झाकली जाते आणि पट्टीही कमकुवत होत नाही. मधला कोन ३२ अंश धरून पट्टी वाकवून घ्या म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा अंश मिळतात. लँडिंगवरच्या आडव्या तुकड्यासाठी वेगळी सरळ पट्टी करा. एकाच ब्रॅकेटने सगळं साधायच्या नादात पुन्हा फिरता सांधा तयार होतो. कोन जुळला, दोन्ही बोल्ट आवळले, की खांबाकडची आणि कठड्याकडची अशा दोन्ही पट्ट्यांतून आरपार ५ मिमीचं भोक पाडून पिन ठोका. त्यानंतर भार घर्षणावर उरत नाही, आणि उद्या कठडा काढायचा झाला तर पिन ठोकून बाहेर काढता येते.

समुद्रकाठी हिशेब बदलतो. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्यात बाहेरच्या जिन्यावर सांध्याच्या फटीत खारं पाणी साचतं. पावसाने उघडा पाइप धुतला जातो, फट धुतली जात नाही. तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस आणि नीट साफ केलेलं वेल्डिंग हाच पर्याय मी निवडेन. ३१६ मधलं मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा पुष्कळ जास्त टिकाव देतं. आणि चुंबक लावून ग्रेड ओळखायच्या भानगडीत पडू नका. स्वस्त २०२ सुद्धा ३०४ सारखंच चुंबकाला चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

खांबाच्या पायाकडेही बघा. भारतीय मानकानुसार घरगुती कठड्याने दर मीटरला साधारण ३५ किलोचा आडवा रेटा सोसायला हवा. खांब १.२ मीटर अंतरावर असतील तर प्रत्येकाच्या डोक्यावर ४२ किलो येतात. खांब जमिनीला धरणारा अँकर फास्टनर फरशीखालच्या मसाल्यात न थांबता स्लॅबच्या काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे, नाहीतर वरच्या ब्रॅकेटवर केलेला खर्च वाया जातो.

बोल्ट पट्टीच्या ग्रेडचेच घ्या; जस्ताचा मुलामा दिलेला साधा बोल्ट स्टेनलेसच्या सांध्यात लवकर गंजतो. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट वेगाने आवळला की आटे एकमेकांत जाम होतात आणि मग कापल्याशिवाय सुटत नाहीत. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावून, मशीन न वापरता हाताच्या पान्यानेच नट आवळायला सांगा.