परदेशी परिषदेला प्रत्यक्ष जावे की गोव्यातूनच सहभागी व्हावे?

युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूविज्ञान संशोधकांच्या संघटनेची महासभा दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात भरते. तिच्यासाठी जानेवारीत सारांश पाठवावा लागतो आणि तेव्हापासून दोनापावला, ताळगाव, वास्को इथल्या तरुण संशोधकांची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: प्रत्यक्ष जायचे, की ऑनलाइन नोंदणी करून इथूनच भाग घ्यायचा? महासाथीमुळे २०२० मध्ये ही सभा पूर्णपणे ऑनलाइन झाली. २०२२ पासून दोन्ही मार्ग खुले आहेत. मी दोन्ही मार्गांनी गेले आहे. पहिल्यांदाच संशोधन मांडणाऱ्यांना निर्णय घेणे सोपे जावे, म्हणून ही तुलना मांडत आहे.

प्रत्यक्ष जाण्याचा खरा लाभ व्याख्यानांपेक्षा पोस्टरच्या दालनात होतो, असे माझे ठाम मत आहे. अरबी समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या एका कोअरचा, म्हणजे नळीने काढलेल्या उभ्या नमुन्याचा, कालक्रम मी पोस्टरवर मांडला होता. एक वयोवृद्ध संशोधिका बराच वेळ काही न बोलता आलेख पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी मधल्या एका बिंदूवर बोट ठेवून विचारले, "इथे स्थानिक दुरुस्ती किती धरली आहे?" मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रात खोलवरचे जुने पाणी वर येते आणि त्यातला कार्बनही जुना असतो, त्यामुळे फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते, आणि जागतिक सरासरी वजा करून भागत नाही, तर त्या त्या भागाची दुरुस्ती वेगळी धरावी लागते. हे मला ठाऊक होते. पण मी धरलेला आकडा ज्या नमुन्यांवरून काढला होता, ते माझ्या कोअरपासून फार दूरच्या किनाऱ्यावरचे होते, हे त्या प्रश्नाने लक्षात आणून दिले. पाऊण तास त्या माझ्या वहीत पेन्सिलीने आकृत्या काढून समजावत होत्या. परतल्यावर मी सगळा कालक्रम नव्याने मांडला. ती वही अजून माझ्या टेबलावर आहे.

पुढच्या एका वर्षी मी ऑनलाइन सादरीकरण केले, तेव्हा काही मिनिटांचे बोलणे झाले, दोन लेखी प्रश्न आले, आभार मानले गेले आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले गेले. मात्र केवळ ऐकण्याचाच विचार केला, तर ऑनलाइन मार्ग सरस ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे. एकाच वेळी चालणाऱ्या सत्रांसाठी एका सभागृहातून दुसऱ्यात धावावे लागत नाही, आणि उन्हाळ्यात व्हिएन्नाची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागे असल्याने तिथले सकाळी साडेआठचे सत्र इथे दुपारी बाराला सुरू होते. अमेरिकेतल्या परिषदेचे तसे नाही. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक पडतो, म्हणजे तिथले सकाळचे नऊ आपल्याकडे रात्रीचे साडेदहा; रात्रभर जागून सकाळी पुन्हा कामावर जावे लागते, कारण घरी असलेल्या माणसाला परिषदेची रजा सहसा कोणी देत नाही.

प्रत्यक्ष जाणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण व्हिसाची असते. व्हिएन्नासाठी लागणाऱ्या शेंगेन, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांच्या सामायिक, व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय सामान्यतः १५ दिवसांत होतो, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. किमान ३० हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी तर कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागते, आणि त्यात गेलेले दोन दिवस कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याने सर्व कागद वेळेत देऊनही, परिषद संपली त्या दिवशी त्याचा पासपोर्ट हातात पडला. तिकडे त्याच्या क्रमांकाचा फलक चार तास कोरा राहिलेला मी स्वतः पाहिला आणि मला फार वाईट वाटले. दिलासा एवढाच, की एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिला प्रवासच सर्वांत कठीण.

खर्चाच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ऑनलाइन सहभागात नोंदणी शुल्काखेरीज जवळजवळ काहीच लागत नाही. सरकारी निधीतून जाणाऱ्याने विमानाचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्यामार्फतच काढावे आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत. माझा एक पास हरवला, तर प्रतिपूर्तीची रक्कम पाच महिने अडकली होती.

घरची बाजूही पाहिली पाहिजे. सप्टेंबरातली परिषद अनेकदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर येते, आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या दिवशी परक्या शहरातल्या हॉटेलात बसणे मला तरी जड जाते. याउलट, व्हिएन्नाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातली उल्कापाषाणांचे दालन पाहताना भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला होणारा आनंद पडद्यावरून मिळणार नाही.

माझा सल्ला असा, की काम अर्धवट असेल, त्यात शंका असतील आणि त्या शंका ज्यांना विचारायच्या ती दोन-तीन माणसे तिथे येणार असतील, तर कर्ज न काढता जेवढे जमेल तेवढे करून प्रत्यक्षच जावे. शोधनिबंध छापून झाला असेल आणि केवळ तो सांगायचा असेल, तर ऑनलाइन पुरेसे आहे. प्रत्यक्ष जायचे ठरल्यास निमंत्रणपत्र लगेच मागवावे, आणि नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी, व्हिसा न मिळाल्यास सादरीकरण ऑनलाइन करून मिळेल का, हे आयोजकांना लेखी विचारून घ्यावे. माझ्या सहकाऱ्याने ते विचारले नव्हते.